हात जोडत नाही, पण मोदक करते

मुलुंडच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"ताई, मी नास्तिक आहे. नवऱ्याला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून गौरी-गणपतीचं सगळं माझ्याकडे. 21 मोदक मी वळते, आरतीला टाळ्या वाजवते, फक्त हात जोडत नाही. यंदा जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'देवाची भीती नाही तो माणूस काय वाट्टेल ते करेल.' रात्री माझ्या 9 वर्षांच्या मुलीने विचारलं, 'आई, मग तुला खोटं बोललेलं चालतं? आणि देवच नाही तर वाईट लोकांना शिक्षा कोण करतं?' मला उत्तर सुचेना. त्यात पुतणीची अडचण आली म्हणून तिला आतल्या खोलीत बसवलेलं, म्हणजे कामाला हातही कमी. मी ढोंगी आहे का?"

ढोंगी? छे हो. मी स्वतः मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभी राहणारी बाई आहे. त्या रांगेत कितीजणांच्या डोक्यात देव असतो आणि कितीजणांच्या डोक्यात दादरची लोकल, हे मी सांगायला नको. मोदक तुम्ही सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वळता. हात जोडत नाही, म्हणजे कुणाला फसवतही नाही.

जाऊबाईंना र. धों. कर्वे सांगा. पक्के नास्तिक. इथेच, विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 साली नोकरी गेली. तरी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 साली जाईपर्यंत चालवलं, खटले झेलत, पदरमोड करत. सारख्या बाळंतपणांनी बायकांचे हाल होतात, एवढंच कारण. वरून कुणी बघत नाही आणि पुढच्या जन्मी काही मिळायचं नाही, हे पक्कं ठाऊक असलेला माणूस हा. काय वाट्टेल ते केलं खरं त्यांनी!

लेकीला मात्र कर्वे नकोत. मैत्रिणीची हरवलेली पट्टी सापडल्यावर तिने परत दिली असेल ना कधी? तेव्हा देव आठवला होता की मैत्रिणीचं तोंड, एवढंच विचारा.

शिक्षेचा प्रश्न अवघड आहे, माझ्यासारख्या आस्तिकालासुद्धा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मी ती रात्र सायनला एका अनोळखी घरात काढली. चहा-बिस्किटं देणाऱ्यांनी माझा देव विचारला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीतले एक काका म्हणाले, "पाप वाढलं, दुसरं काय." नास्तिक असं म्हणणार नाही. पावसाच्या मनात काही नसतं, तो कुणाला धडा शिकवायला पडत नाही. पण मिठी नदीत भराव टाकणारी, तिचा गटार करणारी माणसंच होती. तेव्हा शिक्षा कोण करतं, तर आपणच, कायद्याने, आणि पुष्कळदा कुणीच करत नाही. लेकीला हे खरं सांगून टाका. मुलं पचवतात.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येते. पुतणी आतल्या खोलीत, म्हणजे कामाला हात कमी. बस, एवढंच? सबंध पत्रात मला खटकलं ते हेच. हात जोडायचे की नाही यावर तुमची झोप उडाली, आणि दाराआड बसलेली मुलगी तुम्हाला कामाच्या हिशेबात आठवली. तिथे तुमचं नास्तिक असणं काही कामाचं होतं. मोदकाने कुणाचं वाईट होत नाही. 'शिवू नकोस' याने होतं, आणि त्याची किंमत ती पोर देते. रागावू नका, मीही माझ्या सुनेच्या वेळी गप्प बसले होते.

जाऊबाईंशी वाद आत्ता नको, सण लांब आहे. आधी पुतणीला फोन करा. मेसेज नको, फोनच. त्या दिवशी आत बसून काय वाटलं ते विचारा आणि मधे बोलू नका. पुढच्या वर्षी ती म्हणाली तर मोदक वळायला शेजारी पाट मांडा तिच्यासाठी. सासूबाईंना तुम्हीच आधी सांगून ठेवा, नवऱ्याला पुढे करू नका.