कवटी वाकडी आलीय, परत पाठवू का?

प्रश्न : ताई, माझ्या दहावीतल्या मुलाला जीवाश्मांचं भारी वेड. वाढदिवसाला ऑनलाइन लिस्ट्रोसॉरस नावाच्या प्राण्याच्या कवटीची प्रतिकृती मागवली, साडेसहा हजार गेले. आली ती एका बाजूने चेपलेली, डावा सुळा टोकाला तुटलेला आणि बॉक्सवर चक्क 'डायनासोर' लिहिलंय. मुलगा म्हणतो हा डायनासोर नाहीच, आपला नातेवाईक आहे. सासूबाई म्हणतात, असलं काही घरात नको. आणि चुकून खरी निघाली तर? - एक वाचक, मिरज

उत्तर : आधी मुलाची बाजू घेते, कारण पोरगं बरोबर बोलतंय. लिस्ट्रोसॉरस साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर तेव्हा अजून यायचे होते, आणि नावात सॉरस म्हणजे सरडा असला तरी तो आपल्या सस्तन प्राण्यांच्या भावकीतला. आजोबा नाही हां, चुलत घराणं. कवटी हातात घेऊन डोळ्याच्या खोबणीमागे बघा, दोन्ही बाजूंना एकेकच मोठं भोक दिसेल, डायनासोरला तिथे दोन-दोन असायची. आता स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवून दात आवळा. काहीतरी फुगलं ना? तो जबड्याचा स्नायू, आणि त्या भोकाची आपल्यातली जागा तीच.

आता वाकडेपणा. त्यावरून परत पाठवू नका, मला तर ते चांगलंच लक्षण वाटतं. खरी कवटी एवढी वर्षं दगडाखाली दाबलेली, त्यामुळे कितीतरी कवट्या चेपलेल्याच निघतात, आणि खऱ्या जीवाश्मावर सिलिकॉनचा साचा काढून रेझिन ओतलं की वाकडेपण, भेगा सगळं जसंच्या तसं उतरतं. डावी-उजवी अगदी सारखी, गुळगुळीत आली असती तर मी म्हटलं असतं कुणीतरी मनाने घडवलीय. खालच्या जबड्याचा मागचा भाग चाचपून बघा, हाडांचे सांधे बारीक रेघांसारखे बोटाला लागले तर माल चांगला. आपला खालचा जबडा एकच हाड, याचा बऱ्याच हाडांचा, आणि गंमत म्हणजे जबड्याच्या सांध्यातली दोन हाडं पुढे सस्तन प्राण्यांत कानात जाऊन बसली, आपल्या कानातला हातोडा आणि ऐरण ती हीच. समांतर पायऱ्यांसारख्या बारीक रेघा सगळीकडे दिसल्या तर मात्र तो थ्रीडी प्रिंट.

खरी असण्याची भीती सोडा. कडेने साच्याची जोड आणि बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं दिसतातच. शिवाय दक्षिण आफ्रिकेत, जिथे कारूच्या खडकांत हे ढिगाने सापडतात, तिथे १९९९च्या कायद्याने जीवाश्म सरकारची मालमत्ता आहेत, परवान्याशिवाय बाहेर जात नाहीत.

सासूबाईंना सांगा, पाहुणा परका नाही. याची हाडं बंगालमध्ये राणीगंजच्या बाजूला, दामोदरच्या खोऱ्यात, पंचेतच्या खडकांतही सापडलीत. अंटार्क्टिकात १९६९ साली मिळाली. डुकरासारखं बसकं जनावर, समुद्र पोहून थोडंच गेलं असेल? तेव्हा या जमिनी जोडलेल्या होत्या, त्याचा हा एक भक्कम पुरावा. तरी नाहीच पटलं तर मुलाच्या टेबलावर ठेवा, देवघरासमोर कशाला! फक्त खिडकीत नको, माझी एक रेझिनची वस्तू उन्हाने पिवळी पडून एका बाजूला कलली ती कललीच.

सुळ्याचं मात्र बघून ठरवा. तुटलेल्या जागेवर तपकिरी रंग चढलेला असेल तर तो मुळात जीवाश्मातच तुटका होता, तो तसाच शोभतो. पांढरट, कोरं दिसत असेल तर वाटेत मोडलाय, फोटो काढून विकणाऱ्याला पाठवा, थोडे पैसे परत मागा, आणि 'डायनासोर'बद्दलही जरा ऐकवा. चिकटवायला साधा इपॉक्सी पुरतो. तुकडा बॉक्समधल्या थर्माकोलमध्ये शोधलात का? टाकून देऊ नका ते अजून.