जुन्या काळातली चित्रकार आणि पुरातत्त्व अभ्यासक अशी दोन्ही कामं करणारी कोणी स्त्री होती का?

हो, ॲडेला ब्रेटन. जन्म १८४९, इंग्लंडची. १८८७ मध्ये वडील गेले आणि मग ही बाई जी प्रवासाला निघाली ती थेट मेक्सिकोपर्यंत, तिथे पाब्लो सोलोरिओ नावाच्या स्थानिक वाटाड्याला सोबत घेऊन घोड्यावरून रानोमाळ फिरली, अवशेषांची स्केचेस काढत.

१९०० मध्ये माया संस्कृतीचे अभ्यासक आल्फ्रेड मॉडस्ली यांनी, स्वतःची ड्रॉइंग्स बरोबर आहेत का ते जागेवर जाऊन तपासायला, तिला चिचेन इत्साला, म्हणजे मेक्सिकोच्या युकातान भागातल्या प्राचीन माया शहरात, पाठवलं. पन्नाशीत, युकातानच्या त्या उकाड्यात! तिथल्या जग्वारांच्या मंदिरातली लढाईची भित्तिचित्रं तिने वॉटरकलरमध्ये उतरवली, एकदा नाही, पुढच्या कित्येक वर्षांत परत परत जाऊन, प्रत्येक आकृती आणि रंगाची छटा नीट बघून. फोटो तेव्हा निघत होते पण रंग कुठे यायचे त्यात?

आणि खरं मोल इथेच आहे, कारण मूळ चित्रं नंतर जवळजवळ पुसली गेली, आज अभ्यासकांना त्या रंगांसाठी तिच्याच कॉपीज बघाव्या लागतात. त्या ब्रिस्टलच्या म्युझियममध्ये आहेत. १९२३ मध्ये ती गेली. तिला नुसती 'नक्कल करणारी' म्हणतात ते मला अजिबात पटत नाही.