लेक सारखी लायब्ररीतच बसून असते

ताई, सोलापूरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक नववीत आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी हिप्परग्याच्या तलावावर प्रोजेक्ट करतेय, मधली सुट्टी झाली की पळत लायब्ररीत जाते, आणि तुमचं म्हणणं असं की सगळं मोबाइलवर पाच मिनिटांत मिळतं, मग तोच वेळ मॅथ्सच्या क्लासला का देऊ नये.

मोबाइलवर मिळतं हो, तलावाचे फोटो मिळतील, पक्ष्यांची नावं मिळतील आणि एकच पॅराग्राफ दहा ठिकाणी जसाच्या तसा चिकटवलेला मिळेल. तिला म्हणावं, लायब्ररीच्या मॅडमना विचार सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती एकत्र केलेलं सरकारी पुस्तक, आहे का. 1884 चं जुनं इंग्रजी गॅझेटियर आहे, त्यात हा तलाव एकरुख नावाने बघायचा, नुसतं हिप्परगा हिप्परगा शोधत बसली तर चुकामूक व्हायची. कुठल्या नावाखाली शोधायचं हे कळणं, अर्धा रिसर्च तिथेच होतो बघा. शाळेत नसेल तर सरकारच्या गॅझेटियर विभागाने ऑनलाइन फुकट ठेवलंय, म्हणजे तुमचा मोबाइलपण कामी आला! मराठी विश्वकोशाचे खंड असतील तर तेही काढू देत, अकारविल्हे लावलेले असतात.

फक्त एक करायला लावा, प्रत्येक नोंदीपुढे पुस्तकाचं नाव, साल आणि पान नंबर लिहायचाच. इंटरव्ह्यूला परीक्षक हमखास विचारतात, हा आकडा कुठून आणलास, तेव्हा 'गूगलवरून' म्हणणारी पोरं गडबडतात. आणि जुना आकडा मिळाला की पाटबंधारे ऑफिसात जाऊन आत्ताचा विचारायचा, दोन्हीत फरक पडला तर घाबरायचं नाही, तो फरक का पडला हाच तिचा प्रोजेक्ट.

आमच्या वेळी शाळेत पुस्तकांची कपाटं कुलपात, किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क कायम रजेवर, त्यामुळे कपाट उघडं ठेवणाऱ्या मॅडम म्हटलं की मला जरा हेवाच वाटतो.

लायब्ररियन व्हायचं म्हणते, तर आत्ता नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. कुठल्याही शाखेची डिग्री झाली की बी.लिब. करता येतं, सहसा एका वर्षाचा कोर्स असतो, पण शाळांमधल्या जागांच्या भरवशावर राहू नये. मॅथ्स खरंच कच्चं असेल तर आठवड्यातून दोन दिवस क्लास लावा, बाकीचे दिवस तिचे.

मधल्या सुट्टीत डबा मात्र आधी खायला सांगा.