हाय कमिशन की एम्बसी?

प्रश्न : साउथ आफ्रिकेचं दिल्लीत हाय कमिशन आहे आणि मुंबईत कॉन्सुलेट, मग एम्बसी कुठंय? आणि या सगळ्यांचा बॉस कोण?

उत्तर : छान विचारलंत! अहो, कॉमनवेल्थमधले (म्हणजे राष्ट्रकुलातले, भारतही त्यात आहे) देश एकमेकांकडे एम्बसी नाही, हाय कमिशन ठेवतात, काम मात्र तेच. साउथ आफ्रिका 1961 मध्ये कॉमनवेल्थमधून बाहेर पडली होती, वर्णभेद संपल्यावर 1994 ला परत आली, म्हणून दिल्लीत हाय कमिशनर बसतात, आणि मुंबईतलं कॉन्सुलेट जनरल म्हणजे व्यापार वगैरे बघणारी खालची शाखा. या सगळ्यांचं मुख्य ऑफिस म्हणजे साउथ आफ्रिकेचं परराष्ट्र खातं, ते त्यांच्या राजधानीत, प्रिटोरियात, ओ. आर. टॅम्बो बिल्डिंगमध्ये. 2009 पासून खात्याचं नाव ‘आंतरराष्ट्रीय संबंध आणि सहकार्य’ असं आहे, मला हा ‘सहकार्य’ शब्द फार आवडतो. वर मंत्री, त्यांच्याखाली डायरेक्टर जनरल (खात्याचा सर्वात वरचा अधिकारी), पण राजदूत नेमायचा अधिकार राज्यघटनेनं राष्ट्राध्यक्षांना दिलाय. इथिओपियाच्या राजधानीतले, अदिस अबाबातले साउथ आफ्रिकेचे राजदूत तर इथिओपियासोबत आफ्रिकन युनियनचंही (आफ्रिकी देशांच्या संघटनेचंही) काम बघतात, कारण युनियनचं मुख्यालयच तिथं. आणि एक, व्हिसाचा निर्णय या खात्याचा नसतो बरं का, तो गृहखात्याचा.