मेव्हनमध्ये टेस्ट चालतच नाहीत? आधी एवढं बघ

अरे, मेव्हनने (जावा प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल) ‘बिल्ड सक्सेस’ दाखवलं म्हणून खूश होऊ नकोस, वरच्या ओळी वाच, तिथे ‘टेस्ट्स रन: ०’ किंवा ‘नो टेस्ट्स टू रन’ असेल तर तुझी एकही टेस्ट चाललेली नाही आणि मेव्हन त्याला एरर मानत नाही. नव्यांचं घोडं बहुतेक इथेच अडतं.

१. क्लासच्या नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘टेस्ट’ हवं. ‘लॉगिनचेक’ असं नाव ठेवलंस तर शुअरफायर (टेस्ट चालवणारं मेव्हनचं प्लगिन) ढुंकूनही बघणार नाही.

२. फाइल एसआरसी/टेस्ट/जावा मध्येच.

३. जेयुनिट ५ ला (जावाची टेस्ट लायब्ररी) शुअरफायर किमान २.२२.० लागतं. पॉममध्ये (प्रोजेक्टची सेटिंग फाइल) शुअरफायरचं व्हर्जन लिहिलं नसेल तर जुनं मेव्हन आपलं जुनाट २.१२.४ उचलतं, मग आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळं हिरवंगार आणि टर्मिनलवर भोपळा, बस डोकं धरून! व्हर्जन सरळ लिहूनच टाक.

इम्पोर्टही बघ, आयडीई कधीकधी ज्युपिटरऐवजी (म्हणजे जेयुनिट ५ च्या ‘टेस्ट’ऐवजी) जेयुनिट ४ चं ‘टेस्ट’ गुपचूप घुसवतं.

टेस्ट फेल झाली तर टार्गेटमधल्या शुअरफायर-रिपोर्ट्स फोल्डरमधली टेक्स्ट फाइल उघड, वैतागून स्किपटेस्ट्स (टेस्ट वगळायचा पर्याय) लावू नकोस. मॉकिंग, कव्हरेज वगैरे सध्या राहू दे. आधी एकच साधी टेस्ट टर्मिनलवरून चालव, जमेल तुला.