रिअ‍ॅलिटी शोमधली 'व्हिलन': खलनायिका म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रिअ‍ॅलिटी शोमधल्या एखाद्या स्पर्धक बाईला इंग्रजीत 'व्हिलन' म्हटलं असेल, तर मराठीत 'खलनायिका' लिहावं का?

व्याकरणाची काहीच अडचण नाही. पण नायक, नायिका, खलनायक हे रंगभूमीचे शब्द आहेत, तिथलं पात्र कुणीतरी लिहिलेलं असतं. इथं बाई स्वतःच्या नावानं वावरते. दिवसभराच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग उरतो, आणि काय उरावं हे ती ठरवत नाही.

मूळ इंग्रजी शब्दही निष्पाप नाही. लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतवाडी. तिथं राबणाऱ्या माणसाचं नाव पुढं दुष्टाला चिकटलं. आपल्या 'ग्राम्य' आणि 'गावंढळ'चा प्रवास दुष्टपणापर्यंत गेला नाही, पण गावचा माणूस त्यातही हिणवला गेलाच.

जेड गुडीचं उदाहरण घ्या. दक्षिण लंडनमधल्या गरीब घरातली ही मुलगी २००२ मध्ये ब्रिटनच्या 'बिग ब्रदर'मध्ये आली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्या दिसण्याची आणि अज्ञानाची टर उडवली. जानेवारी २००७ मध्ये 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये तिनं शिल्पा शेट्टीला 'शिल्पा पॉपडम' (पॉपडम म्हणजे आपला पापड) म्हटलं. तिच्यासह इतरांच्याही वागण्याविरुद्ध ४४ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. शिल्पा जिंकली, जेड देशाची खलनायिका झाली. २००८ मध्ये ती आपल्याकडच्या 'बिग बॉस'मध्ये आली (सूत्रसंचालक शिल्पाच होती!), तिथंच कर्करोगाचं निदान कळलं आणि ती परतली. मार्च २००९ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी ती गेली, तेव्हा तीच वृत्तपत्रं हळहळत होती. सात वर्षांत एकाच बाईला हास्यपात्र, खलनायिका आणि दुर्दैवी आई ही तिन्ही नावं मिळाली. तिच्या बोलण्यातला वंशद्वेष मात्र खरा होता, त्यानं शिल्पा दुखावली गेली, आणि 'खलनायिका' म्हटल्यानं नेमका तोच झाकला जातो.

बाईसाठी आपल्याकडं 'कजाग', 'भांडकुदळ' तयार असतात. तसंच भांडणारा पुरुष मात्र 'रोखठोक' ठरतो. ही तफावत मला खटकते.

म्हणून मी 'खलनायिका ठरवलेली स्पर्धक' असं लिहीन, म्हणजे ठरवणारा कुणीतरी आहे हे वाक्यात राहतं. आणि जेडबद्दल लिहायचं तर सरळ: 'तिनं शिल्पाला वंशद्वेषी टोमणे मारले.'