फिगर्स ऑफ स्पीच: नव्याने शिकणाऱ्यासाठी

मराठीतले उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती हे अलंकार येत असतील तर इंग्रजीतले सिमिली, मेटाफर, पर्सनिफिकेशन जड जाणार नाहीत. फक्त ‘लाइक’ दिसला की सिमिली लिहू नकोस. ‘आय लाइक रेन’मध्ये ते क्रियापद आहे, आणि ‘शी सिंग्ज लाइक हर सिस्टर’ ही साधी तुलना आहे. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी हव्यात: ‘द लोकल रोअर्ड लाइक अ लायन’. ‘लाइक’ न घालता थेट ‘चर्चगेट इज अ बीहाइव्ह’ म्हटलं की मेटाफर.

खरी फसगत अ‍ॅलिटरेशनमध्ये होते. आपल्या अनुप्रासात अक्षर ओळीत कुठेही पुन्हा आलं तरी चालतं. इथे जवळजवळच्या शब्दांचा आरंभीचा ध्वनी पाहायचा, स्पेलिंग नव्हे. ‘सिटी’ आणि ‘क्राउड’ दोन्ही ‘सी’ने सुरू होतात, पण जुळत नाहीत, ‘फोन’ आणि ‘फॅन’ जुळतात. म्हणून ओळ मोठ्याने वाच.

‘मंत्रालयाने निर्णय घेतला’ म्हणजे मेटॉनमी, इमारत सरकारच्या जागी आली. ‘हँड्स’ म्हणजे कामगार, हा भाग पूर्णाच्या जागी, म्हणून सिनेक्डकी. ‘स्लीपलेस नाइट’मध्ये झोप माणसाची उडालेली असते, रात्रीची नाही, तो ट्रान्स्फर्ड एपिथेट.

उत्तरात नुसतं नाव पुरत नाही. तुलना असेल तिथे कशाची कशाशी आणि कोणत्या गुणावरून, एवढं एका वाक्यात लिही.